मेंढ्यावरचं इंग्रजी

...आणि वर मलाच म्हणतात, बाई, तुम्ही फार हिंसक आहात. मी? अहो, सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत माझ्या हातात सत्तूर असतो, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, डोक्यावरच्या लोखंडी पट्टीला उलटे टांगलेले चाळीस मेंढे, आणि एवढं सगळं हाताशी असून बावीस वर्षांत मी एकाही माणसाला कापलेलं नाही. एकदा मुकादमाच्या बोटाशेजारी सुरी रोवली होती, पण शेजारी. शेजारी म्हणजे बोटावर नव्हे, एवढं तर कुणालाही कळतं. नाही, तुम्हाला सांगते, हिंसक मी नाही, हिंसक ती इंग्रजी. आमच्या मांसाच्या कारखान्यात रोज पाइप लावून रक्त धुतात, तरी तिच्याइतकी रक्ताला चटावलेली बाई मी जन्मात पाहिली नाही. तिची रीतच तशी. आधी मारायचं, मग बघायचं कोणाला.

कसं ते सांगते, पण त्याआधी हे ऐका की माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यातही चौथीच्या परीक्षेच्या दिवशी मी बाईंच्या हातातली छडी काढून घेतली आणि मोडली म्हणून मला घरी पाठवलं, ते कायमचं. मग या वयात, गुडघे करकरायला लागल्यावर, मला इंग्रजीची हौस कुठून येणार? पण कारखाना म्हाताऱ्या मालकांकडून त्यांच्या मुलीकडे आला. ही नवी मालकीण, केस आखूड, आवाज हळू, आणि हळू आवाजाच्या माणसाला मी फार घाबरते, कारण ओरडणाऱ्याला ओरडता येतं, हळू बोलणाऱ्याला काय करायचं? तर तिनं पाहिलं की मोठ्या खाणावळीकडून तक्रारींवर तक्रारी येतायत, कधी कापणी चुकली, कधी माल कमी भरला. गिऱ्हाइकाची चिठ्ठी येते इंग्रजीत. ती वाचायचा मुकादम, वाचायचा म्हणजे डोळे बारीक करून अंदाज ठोकायचा, आणि आमच्या अंगावर ओरडायचा, "मांडी, बिनहाडाची, चरबी काढून, बारीक", आणि आम्ही सहा बाया कापायचो. मालकीण म्हणाली, यापुढे ठोकळ्यावर जी उभी राहील तिनं आपली चिठ्ठी आपण वाचायची. महिनाभर शिकवणी, मग सोमवारी परीक्षा. नापास होईल तिनं सुरी खाली ठेवायची आणि मागे धुलाईत जायचं.

धुलाई म्हणजे आतडी धुवायची खोली. गरम पाणी, कोपरापर्यंत हात, आणि वास असा की घरचा कुत्रासुद्धा तुम्हाला दारात ओळखत नाही. तिथं गेलेली बाई परत ठोकळ्यावर आलेली मी पाहिली नाही. आणि माझी जागा रिकामी व्हायची वाट कोण बघत होतं? मुकादमाची मेहुणी. तिला सुरी कुठल्या बाजूनं धरायची ते माहीत नाही, पण येस-नो करते फाडफाड. मुकादम मला म्हणतो कसा, पोटावर हात फिरवत, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? आतडी काय वाईट असतात?" मी म्हटलं, "कोणाची आहेत त्यावर आहे." तेव्हा रोवली होती ती सुरी.

तर शिकवणी. मंगळवार-शुक्रवार, जेवणानंतर अर्धा तास, कपडे बदलायच्या खोलीत. बाकांवर आम्ही सहा जणी, रबरी बूट घालून, अंगावर रबरी एप्रन, आणि हात धुवायच्या बेसिनला टेकवून ठेवलेला फळा. मास्तर म्हणजे काय वर्णावं, आमच्या ठोकळ्यावर आले असते तर मी परत पाठवले असते, अंगावर मांसच नाही, नुसती हाडं आणि चष्मा. पण बोलायला गोड. मला मावशी म्हणायचे. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, द बॉय किक्स द बॉल. मुलगा चेंडूला लाथ मारतो. मी हात वर केला.

"मास्तर, लाथ चेंडूच्या आधी कशी आली?"

"मावशी, इंग्रजीत क्रियापद मधेच येतं. आधी करणारा, मग काय केलं ते, मग कोणाला."

"म्हणजे मारून मोकळं व्हायचं, आणि कोणाला मारलं ते नंतर?"

"तसंच म्हणा हवं तर."

बघा. बघा म्हणजे काय, विचार करा. आपल्याकडे कसं असतं? मी नवऱ्याला म्हणते, "मी आज तुला या लाटण्यानं या इथं सगळ्यांच्या देखत..." आणि तिथं थांबता येतं. तो पळू शकतो, मी दम खाऊ शकते, सासूबाई मधे पडू शकतात, आणि शेवटी मी म्हणते, "...माफ केलं." तेवीस वर्षांचा संसार असाच टिकलाय. क्रियापद शेवटी असल्यामुळे टिकलाय. इंग्रजीत? आय किल. झालं. मेला. आता शोधा कोण मेला. अहो, मधे पडायला सासूबाईंना जागाच नाही. आधी मारायचं, मग बघायचं कोणाला.

आणि एवढ्यानं भागत नाही. "टेबलावर" म्हणायचं तर त्यांच्यात "वर" आधी आणि टेबल मागून. ऑन द टेबल. म्हणजे वर चढून बसायचं आणि मग खाली टेबल आहे का ते बघायचं, नसलं तर कंबर मोडली. आणि ते "द". जिथं जावं तिथं द. मी विचारलं, हा कशासाठी? मास्तर म्हणाले, नाम यायच्या आधी ते येतं, नाम एकटं बाहेर पडत नाही. ते मात्र मला पटलं, कारण आमच्याकडेसुद्धा जाळीचा हातमोजा घातल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही असा नियम आहे. म्हटलं, ठीक, हातमोजा.

पण "ऑफ"? त्या "ऑफ"चा गळा मी दाबला असता, सापडला असता तर. माझ्या शेजारच्या ठोकळ्यावर माझी धाकटी जाऊ उभी असते. धाकटी दहावी पास, त्याचं प्रमाणपत्र काचेत लावून भिंतीवर टांगलंय, आणि तिचा नवरा, माझा दीर, त्याच्यावरून रोज फडकं फिरवतो. मास्तर म्हणाले, मावशी, या तुमच्या कोण ते इंग्रजीत सांगा. मी सुरू केलं, द वाइफ... ऑफ... द ब्रदर... ऑफ... माय हजबंड. आपण म्हणतो नवऱ्याच्या भावाची बायको, नवरा पुढे, बायको शेवटी, सरळ. यांचं सगळं उलटं. एक ऑफ ओढला की मागून दुसरा येतो, मेंढ्याचं आतडं ओढल्यासारखं, वीतभर वाटतं आणि हात-हात निघत राहतं, आणि एवढं ओढून शेवटी हातात काय, तर माझा नवरा. आपल्यात "जाऊ" म्हटलं की संपलं. धाकटी फिदीफिदी हसली. म्हणाली, "जाऊबाई, सिस्टर-इन-लॉ म्हणायचं. एवढं आतडं कशाला काढलंत?"

मी फक्त हातातला खडू फेकला, तो तिच्या कपाळाला लागला, तिनं बूट काढून फेकला, तो मास्तरांना लागला, आणि त्या दिवशीची शिकवणी तिथं संपली.

पुढच्या वेळी मास्तर चष्म्याला चिकटपट्टी लावून आले आणि फळ्यावर झाड काढलं. उलटं. वर टोकाला एक अक्षर, त्याच्या खाली दोन फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि अगदी खाली शब्द लटकलेले. म्हणाले, वाक्य असं असतं. वरून बघताना शब्द एका रांगेत दिसतात, पण आतून ते टोळ्या करून असतात. प्रत्येक टोळीला एक डोकं, बाकीचे त्याच्या आधारानं. त्या टोळीला म्हणायचं फ्रेज. पहिली मोठी टोळी करणाऱ्याची, दुसरी मोठी टोळी करणीची, आणि करणीच्या टोळीत ज्याला मारलं तोही आला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत, कारण मला ते झाड ओळखीचं वाटायला लागलं. वर आकडा. आकड्याला दोन तंगड्या. तंगड्यांखाली धड, धडाला बरगड्या, खाली मान लोंबतेय.

"मास्तर," मी म्हटलं, "हे झाड नाही. हा टांगलेला मेंढा आहे."

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि म्हणाले, "मावशी, मला पंधरा वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं."

मग काय, मला कळायला लागलं हो. जे मला चौथीत नाही कळलं ते तिथं, रबरी बुटात कळलं. मेंढा कसा कापतात? ताकद लावून नाही. बोटानं चाचपायचं, सांधा कुठंय ते बघायचं, तिथं सुरी ठेवली की तुकडा आपणहून हातात येतो. हाडावर ठेवली तर धार जाते आणि मनगट झिणझिणतं. वाक्याचं तसंच. "द फॅट मुकादम", जाडा मुकादम, हा एक तुकडा. अख्खा उचलता येतो, अख्खा दुसरीकडे ठेवता येतो, अख्ख्याच्या जागी इंग्रजीतला "ही", म्हणजे "तो", एवढंच ठेवलं तरी वाक्य उभं राहतं. पण "किल द फॅट" एवढंच कापून बघा, सुरी हाडावर. आणि त्यात डोकं मुकादम, "फॅट" ही वरची चरबी, काढली तरी चालते, पण मी ठेवली. घरी येऊन नवऱ्यावर करून बघितलं. तो चौकीदार, दिवसा झोपतो. "माझा आळशी पलंगावर पसरलेला नवरा" हा एक तुकडा, त्याच्या जागी "तो". मी तो अख्खा तुकडा उचलून जमिनीवर ठेवला. नियम बरोबर निघाला. नवरा मात्र दोन दिवस कपाटामागे झोपत होता.

मास्तर म्हणाले, आता परीक्षेसाठी प्रत्येकीनं स्वतःचं एक लांब वाक्य करून आणा, आपल्या रोजच्या जगण्यातलं, आणि ते सांध्यावर तोडून दाखवा. स्वतःचं करा हं, मनापासून. मनापासून म्हणाले ते, हे लक्षात ठेवा.

मी मनापासून केलं. द वुमन विथ द नाइफ विल किल द फॅट मुकादम इन द कोल्ड रूम ऑन मंडे. सुरीवाली बाई जाड्या मुकादमाला सोमवारी थंड खोलीत, म्हणजे आमच्या माल गार ठेवायच्या खोलीत, मारणार. मुकादमाला मास्तरांनी मुकादमच राहू दिलं. पाच तुकडे. पण ते पाठ होईना. कागदावर लिहिलं तर कागद हातात भिजतो, ठोकळ्यापाशी सगळंच ओलं, आणि खरं सांगायचं तर कागदावर मला सांधाच सापडत नाही, बोटाला काही लागतच नाही. मग शुक्रवारी, परीक्षेला तीन दिवस राहिले असताना, माझ्यापुढे सतरा नंबरचा मेंढा आला, मोठ्या खाणावळीचा. आमच्याकडे मेंढ्याच्या अंगावर वजन लिहायला निळी शाई असते, पोटात गेली तरी काही होत नाही अशी. मी इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं. खांद्यावर सुरीवाली बाई. बरगड्यांवर विल किल. मोठ्या मांडीवर मुकादम, तिथं चरबीही होती. दुसऱ्या मांडीवर थंड खोली. आणि खालच्या नळीच्या तुकड्यावर, बारीक अक्षरात, ऑन मंडे. मग एकेक टोळी मोठ्यानं म्हणत सत्तूर चालवला. द वुमन विथ द नाइफ, खट. विल किल, खट. तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा अभ्यास करताना झोप आली नाही.

बरं, मी काही वेडी नाही. शाई असते वरच्या पातळ पापुद्र्यावर, तो सुरीनं सोलला की खाली लख्ख. सोलणारच होते. तेवढ्यात धाकटी वाकून म्हणते, "जाऊबाई, अक्षर बघा, मेंढ्याला लाज आली असती." मी गुर्दा फेकला. तिनं फुप्फुस फेकलं. फुप्फुस लागत नाही हो, पण अपमान होतो. मग मी एक मोकळं हाड घेतलं, तिनं बादली घेतली, आणि आम्ही दोघी जावा त्या ओल्या फरशीवर अशा भिडलो की बाकीच्या चौघींनी चाकू बाजूला ठेवून जागा करून दिली. तिनं माझे केस धरले, मी तिचा कान धरला, आणि तशाच अवस्थेत ती मला म्हणते, "नाइफमधला के बोलायचा नाही, जाऊबाई." शिकवतेय बघा, केस न सोडता. मी म्हटलं, "मग लिहायचा कशाला?" ती म्हणाली, "ते मलाही माहीत नाही." तेव्हा आम्ही सोडलं एकमेकींना.

परत येते तर ठोकळा रिकामा. पाचही तुकडे गायब. मुकादम तिथं उभा, हात पुसत. म्हणतो, "जा बाई, शिकवणीला जा, तुमचा सतरा नंबर मीच बांधून टाकला." आणि हसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं काम केलं होतं. मला त्याच वेळी समजायला हवं होतं. पण मला एकच दिसत होतं, की खाणावळीच्या स्वयंपाकघरात कोणीतरी पुडकं सोडणार आणि आत निघणार विल किल. शनिवार-रविवार मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी त्याला झोडपला, तो म्हणाला आता बरं वाटतंय का, मी म्हटलं नाही. माझी सुरी गेली. माझा ठोकळा गेला. मेहुणी उभी राहणार तिथं, उलटी सुरी धरून. आणि सगळं कशामुळे? त्या भाषेमुळे. आधी मारायचं, मग बघायचं कोणाला.

सोमवार. परीक्षा नऊ वाजता. साडेआठला मालकिणीच्या काचेच्या खोलीतून बोलावणं. मी सुरी कमरेला लावूनच गेले, म्हटलं जायचंच तर लढून जाऊ. आत मालकीण, मास्तर, आणि मुकादम, घामानं निथळत, पुढ्यात कागदाचं पुडकं. धाकटी माझ्यामागून आत घुसली. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, "तुम्हाला मारायचा हक्क माझा आहे, बाहेरच्यांचा नाही."

मुकादमानं पुडकं सोडलं. आणि टेबलावर माझं वाक्य.

"बाई," मुकादम मालकिणीला म्हणतो, आणि आवाज असा की जणू त्याचीच मान कापलीय, "माझ्या जिवाला धोका आहे. वाचा. वाचा हे. माझ्या बायकोनं काल ओट्यावर जोडून वाचलं. बाई, ती हसत होती. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं."

मालकिणीनं सावकाश वाचलं. मास्तरांनीही वाचलं, आणि मी बघितलं, त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, कौतुक होतं. धाकटी पुढे झाली. "मालकीणबाई, हे तुकडे याच क्रमानं होते असं कोण म्हणतं?" आणि तिनं मुकादमाची मांडी उचलून पहिली ठेवली, खांदा उचलून तिच्या जागी. "आता वाचा. द फॅट मुकादम विल किल द वुमन विथ द नाइफ. आता तर हाच माझ्या जाऊबाईंना मारतोय. तक्रार कोणी करायची?"

"मी?" मुकादम किंचाळला. "मी कशाला मारू? मला तर रक्त बघवत नाही."

"वा," मास्तर म्हणाले, आणि टाळी वाजवली त्यांनी, देवाशपथ, "बघा, टोळ्या अख्ख्या हलल्या. जागा बदलली की मरणारा बदलला. याहून चांगलं उदाहरण..."

मालकिणीनं फक्त बोट वर केलं. तुकडे पुन्हा पहिल्यासारखे. मग ती माझ्याकडे वळली. "हे तुम्ही लिहिलंत?"

इथं कुठल्याही शहाण्या बाईनं म्हटलं असतं, नाही. पण मी टेबलाकडे बघत होते, आणि माझं डोकं फिरलं, कारण महिनाभर रक्त आटवून मी जे केलं होतं ते यानं अर्धवट आणून टाकलं होतं. "लिहिलं," मी म्हटलं, "पण हे पुरं नाही. माझं वाक्य पाच तुकड्यांचं होतं. इथं चारच आहेत. ऑन मंडे कुठाय? कधी मारणार तेच नाही यात. मालकीणबाई, असं तोडलेलं वाक्य मी परीक्षेला देणार नाही, ए मुकादमा, माझा ऑन मंडे आण."

आणि तो मुकादम, तो मूर्ख, तो माझ्यावर ओरडायच्या भरात म्हणतो, "कुठून आणू? तो आम्ही रविवारीच खाल्ला."

मालकिणीनं कपाटातून जाड वही काढली आणि पानं उलटली.

"हा मेंढा कुठल्या नंबरचा?" तिनं मला विचारलं.

"सतरा. खाणावळीचा."

"शुक्रवारी सतरा नंबर खाणावळीला रवाना झाला, अशी इथं मुकादमाची सही आहे." ती आणखी पानं उलटायला लागली, मागची, त्याच्या मागची. "आणि खाणावळ सहा महिने म्हणतेय, दर शुक्रवारी एक मेंढा कमी येतो."

मुकादमाच्या तोंडावरचं रक्त उतरलं. रक्त उतरलेलं मला बरोबर ओळखू येतं, धंदाच आहे माझा. धाकटीनं माझा हात असा घट्ट दाबला की दोन बोटं सुजली. मुकादम काहीतरी पुटपुटला, "बाई, ते, मी, घरी, फक्त..." आणि तुम्हाला सांगते, त्यात ना टोळी होती ना डोकं, सगळा खिमा.

मग मालकीण मला म्हणाली, त्याच हळू आवाजात, "आज सोमवार आहे. थंड खोली रिकामी आहे. खरंच मारणार होतात?"

मी म्हटलं, "मालकीणबाई, वाक्य करायला सांगितलं होतं. काम करायला सांगितलं असतं तर लिहीत बसले नसते."

ती हसली का नाही ते कळलं नाही, तिच्या ओठांना सवय नाही. मास्तरांना तिनं विचारलं, "या पास का?" मास्तर म्हणाले, "या मलाच पास करतील." झाली माझी परीक्षा. आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, बाईची सुरी वाचली, ठोकळा वाचला. मलाही तसंच वाटलं. मी कंबर ताठ करून दाराकडे वळले, म्हटलं अठरा नंबर टांगून ठेवलाय, सुरू करू.

"थांबा," मालकीण म्हणाली. "मुकादम धुलाईत जातील. मला मुकादम लागेल, जो चिठ्ठी वाचेल आणि तुकडे मोजून सांगेल की एक कमी आहे. आजपासून तुम्ही. सुरी इथं ठेवा, मुकादमाला सुरी लागत नाही."

बावीस वर्षं धार लावलेली सुरी हो. मूठ माझ्या हाताच्या आकाराची झालेली. ती त्याच दुपारी धाकटीच्या कमरेला लागली, माझा ठोकळाही तिला मिळाला, दीर आता त्या सुरीवरूनही फडकं फिरवतो म्हणे. आणि मी काचेच्या खोलीत, खुर्चीवर, हातात दोरीनं बांधलेलं पेन. पेननं काय कापायचं? दिवसभर हात शिवशिवतात, बाहेर खट-खट ऐकू येतं आणि मी आत टेबलाच्या कडेवर तळहात आपटत बसते. आणि एवढ्यानं संपतं का? मुकादमाला दुसऱ्या वर्षाचं इंग्रजी लागतं. अहवाल लिहायचा असतो. त्यात नुसती वाक्यं नसतात, गाभण वाक्यं असतात, वाक्याच्या पोटात वाक्य, त्याच्या पोटात आणखी एक, द मेंढा दॅट द बाई दॅट द मालकीण..., बाळंतपण करता करता जीव जातो. मास्तर आता रोज येतात. रोज. आनंदानं येतात. परवा मी पेन त्यांच्या शेजारी रोवलं. शेजारी.

शेवटी काल म्हटलं, ज्यानं हे सगळं माझ्या माथी मारलं त्याला दोन शिव्या तरी घालून येऊ. गेले मागे धुलाईत. वाफ, वास, आणि त्या वाफेत तो जाडा, कोपरापर्यंत हात गरम पाण्यात, आतडी धुतोय आणि गातोय. पोटही उतरलंय जरा. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? माझी सुरी गेली तुझ्यामुळे, आणि तू गातोस?"

त्यानं वर पाहिलं. नव्या मुकादमाला द्यायचा तो मान मला दिला, हात जोडले, पाणी गळत होतं त्यातून.

"बाई," म्हणाला, "इथं इंग्रजीची परीक्षा नसते."

घालायच्या शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्या तशाच गिळल्या. मग दार हळूच मागं लोटलं, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि त्याला विचारलं, तुझ्या शेजारची बादली कोणाची आहे रे?